फौजेनंतर काय करायचं: नोकरीआधी स्वतःची नोंद

तुमची १६ वर्षं सेवा झाली, आधी सिग्नल, मग स्टोअर, शेवटची तीन वर्षं प्रशिक्षक. निवृत्तीला ११ महिने उरलेत, जो तो सिक्युरिटीत जा म्हणतो आणि मला नेमकं काय आवडतं हेच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे न कळणं अगदी स्वाभाविक आहे. पोस्टिंग, काम, वेळ, सोबतची माणसं सगळं वरून ठरून आलं, आवड विचारायची वेळच आली नाही. ११ महिने पुरतात. पहिले तीन महिने मात्र अर्ज करत सुटू नका. मुदत संपणारी एखादी भरती असेल तर तेवढा फॉर्म भरून ठेवा, बस.

सुरुवात वहीने करा. प्रत्येक पोस्टिंगला दोन पानं. पद आणि हुद्दा लिहू नका, प्रत्यक्ष काय केलं ते लिहा: कोणतं काम वेळेआधी उरकायचात, कोणतं शेवटच्या दिवसापर्यंत ढकलायचात, लोक कोणत्या अडचणीत तुमच्याकडेच यायचे, हुकूम नसताना काय केलंत. इथे बहुतेकांची एक चूक होते. मोठ्या मोहिमा, बक्षिसं, अधिकाऱ्यांची शाबासकी एवढंच आठवतं आणि तेच लिहिलं जातं. पुढची नोकरी अशा दहा दिवसांची नसते, साध्या मंगळवारांची असते. म्हणून प्रत्येक पोस्टिंगमधला एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तासाप्रमाणे लिहा. एका बैठकीत हे होत नाही, दोन-तीन आठवडे द्या.

सोबत सध्याच्या ड्यूटीची २१ दिवस नोंद ठेवा. दुपारी एकदा, रात्री एकदा, पाच-पाच मिनिटं: काय केलं, एकट्याने की लोकांबरोबर, निर्णय कोणाचा होता, आणि त्यानंतर अंगात उत्साह होता की थकवा. सुटीतले दिवस यात धरू नका, ते फसवतात. शेवटी उत्साहाच्या नोंदी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहा: हेच काम अनोळखी माणसांबरोबर असतं तर आवडलं असतं का? युनिटमधल्या जिवाभावाच्या सोबतीमुळे कंटाळवाणं कामही गोड लागतं. ‘मला स्टोअरचं काम आवडतं’ आणि ‘मला स्टोअरमधली माणसं आवडायची’ यातला फरक इथेच कळतो.

कलचाचणी जरूर द्या, पण नोंदी झाल्यावर. अनेक चाचण्यांच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली विभागणी आहे: हाताने-यंत्राने करायची कामं, शोध-अभ्यासाची, कलेची, माणसांना शिकवण्या-सावरण्याची, पुढाकार घेऊन पटवण्याची आणि नोंदी-हिशेबाची. फौजेतून आलेल्यांचे पहिल्या आणि शेवटच्या प्रकाराचे गुण फुगू शकतात, कारण ‘मला हे जमतं’ या अर्थाने उत्तरं दिली जातात. प्रश्न जमण्याचा नाही, आवडण्याचा आहे. सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्या. दोन्ही वेळा वर आलेले प्रकार धरा, बाकीचे सोडा.

त्याहून उपयोगी मला मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांची कल्पना वाटते. त्यांनी ‘करिअरचे नांगर’ (जहाजाच्या नांगरासारख्या, माणसाला कामात धरून ठेवणाऱ्या) म्हणून आठ गोष्टी मांडल्या: कसबातलं प्रावीण्य, व्यवस्थापन, स्वायत्तता, स्थैर्य, स्वतःचं काही उभारणं, सेवाभाव, निव्वळ आव्हान आणि घर-कामाचा मेळ. आठही हव्याशा वाटणारच. म्हणून दोन-दोनच्या जोड्या लावा आणि दर वेळी त्यातली एक सोडा. शेवटपर्यंत जी सुटत नाही ती खरी. ‘स्थैर्य’ उरलं तर त्यात कमीपणा मानू नका. फक्त ते तुमचं आहे की घरच्यांच्या काळजीचं, हे जोडीदाराशी बसून स्पष्ट बोला.

आता अवघड भाग. वर्दीने पगाराशिवायही बरंच काही दिलंय: दिवसाची आखणी, हुद्द्याचा मान, हाकेला धावणारी माणसं, आपण कशासाठी उठतो याचं उत्तर. त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे पुढे कुठून मिळेल. सगळं नोकरीतून मिळेल ही अपेक्षा ठेवली की चांगली नोकरीही सहा महिन्यांत नकोशी होते. मान आणि सोबत कदाचित मैदानावर, शिकवण्यात, समाजाच्या कामात सापडेल. झोप उडाली असेल, चिडचिड किंवा दारू वाढली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्या अवस्थेत सगळीच कामं नकोशी वाटतात आणि नोंदींवर विसंबता येत नाही.

सहा-सात जणांना विचारा: एक वरिष्ठ, दोन बरोबरीचे, दोन हाताखालचे, घरातले दोघं. ‘माझ्यात चांगलं काय’ असं विचारलंत तर कौतुकच ऐकाल. ‘मी तहानभूक विसरलेला तू कधी पाहिलास?’ आणि ‘कोणतं काम माझ्यावर कधीच सोपवणार नाहीस?’ हे विचारा आणि प्रसंग सांगायला लावा.

एवढं झालं की तीनच क्षेत्रं निवडा. प्रत्येकातल्या पाच जणांशी २०-३० मिनिटं बोला, नोकरी मागू नका. गेल्या मंगळवारी सकाळपासून काय केलंत, नवीन माणूस पहिल्या वर्षात का सोडून जातो, कोणती गोष्ट इथे आल्यावरच कळली, हे विचारा. जमल्यास सुटीत दोन-तीन दिवस शेजारी बसून काम पाहा. मोबदला घेऊ नका. सेवेत असताना दुसरं काम करण्यावर बंधनं असतात, म्हणून नियम युनिटमध्ये आधी विचारून घ्या.

या गप्पांत स्वतःचं काम सांगताना लघुरूपं आणि हुद्दे गाळा. ‘स्टोअर सांभाळलं’ याऐवजी किती वस्तू, किती माणसं, मोजणी कितीदा, तफावत निघाली तेव्हा काय केलं, ते सांगा, गोपनीय तपशील सोडून. फौजेबाहेरच्या कुणाला वाचून दाखवा. तो जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल ती ओळ बदला.

सिक्युरिटी या तीनांत आली तर आनंदाने जा. ते जबाबदारीचं काम आहे. फक्त तीही याच चाळणीतून येऊ द्या. तुमच्या प्रश्नात प्रशिक्षकाच्या तीन वर्षांवर एकच ओळ आहे. वहीची पहिली दोन पानं त्याच पोस्टिंगची लिहा आणि ठिकाणं-नावं काढून त्यातला एक दिवस इथे टाका. त्यावरून पुढची क्षेत्रं शोधायला मदत करता येईल.