एकाच व्हॅल्यूसाठी व्हेक्टर कशाला?

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत इटरेटरच्या (घटक एकेक करून देणाऱ्या गोष्टीच्या) सुरुवातीला एक व्हॅल्यू जोडायची म्हणून तू एका घटकाचा व्हेक्टर, म्हणजे वाढू शकणारी यादी, बनवतोयस. चालतं, पण त्यासाठी उगाच हीपवर (चालू प्रोग्रामने मागून घ्यायच्या मेमरीत) जागा घेतली जाते. एकच घटक देणारा 'वन्स' वापर आणि दोन इटरेटर एकापाठोपाठ जोडणाऱ्या 'चेन'ने त्याच्यामागे मूळ इटरेटर जोड. फक्त दोन्हीकडच्या घटकांचा टाइप एकच हवा. स्लाइसवरचा (सलग घटकांच्या तुकड्यावरचा) 'इटर' घटकांऐवजी त्यांचे रेफरन्स, म्हणजे पत्ते, देतो, म्हणून 'वन्स'लाही रेफरन्सच दे. इथे मीही बराच वेळ कंपायलरशी भांडलोय!

व्हॅल्यू कधी असेल, कधी नसेल, तर 'इफ'च्या एका फांदीत 'वन्स' आणि दुसरीत 'एम्प्टी' (रिकामा इटरेटर) लिहू नकोस. ते वेगळे टाइप आहेत, कंपायलर अडवेल. 'ऑप्शन' (व्हॅल्यू आहे किंवा नाही हे सांगणारा टाइप) स्वतःच इटरेटर बनतो, 'सम' असेल तर एक घटक, 'नन' असेल तर शून्य. त्यावर 'इंटू इटर' बोलाव आणि मग 'चेन'ने मूळ इटरेटर जोड. व्हॅल्यू काढणं महाग असेल तर 'वन्स विथ' बघ, त्यातलं क्लोजर (निनावी फंक्शन) मागणी आल्यावरच चालतं.