तिळाची वरची पानं एकाआड एक का येतायत?

अरे, घाबरू नकोस, रोग नाहीये हा. तिळाला खाली पानं समोरासमोर जोडीने येतात आणि वर गेलं की जोडी आधी थोडी खालीवर सरकते मग सरळ एकाआड एक होते, सूर्यफुलाचंही तसंच, पहिल्या काही जोड्या समोरासमोर आणि नंतर गोल फिरत, दोन पानांमध्ये साधारण १३७.५ अंश.

आता दिवसाच्या लांबीचं. तीळ लहान दिवसाचं पीक, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं. पुण्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा, त्यामुळे दिवस लहान होत गेले की फुलं लवकर धरतात. पण खरं तर झाड रात्र मोजतं, आणि मोजतात पानं, तिथून फुलायचा निरोप शेंड्याला जातो आणि शेंड्याचा आकार बदलतो. नवीन पान कुठे फुटणार ते शेंड्यातच ठरतं, ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, जिथे साठेल तिथे, आणि शेंड्याचा आकार बदलला की ती जागाही बदलते. आधी आलेली पानं मात्र जागा सोडत नाहीत, म्हणून बदल फक्त वरच शोध.

एक सांगतो, पानं एकाआड एक झाली म्हणजे फुलं येणारच असं धरू नकोस, नुसत्या वयानेही होतं ते. पानाचं तोंड बघू नकोस, उजेडाकडे देठ वळतो आणि फसायला होतं, पेरावर, म्हणजे खोडाच्या गाठीवर, देठ कुठे चिकटलाय ते बघ. जिथे जोडी मोडली त्या पेराला दोरा बांध, पहिलं फूल कुठल्या पेरावर आलं तेही लिहून ठेव. आणि कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली अजिबात नको, रात्र मोडते!