घरी जोडत असलेल्या किट विमानाच्या कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) एक लॅच पुरेल का, आणि कोकणच्या हवेत ते कशाचं बनवावं?

तुम्ही लिहिलंय की अलिबागजवळच्या शेडमध्ये दोन सीटचं किट जोडताय, कॅनॉपीची बिजागरी पुढे आहे, मागून उचलायची, आणि किटमधलं मधलं एकच लॅच कमकुवत वाटतंय म्हणून स्वतः बनवायचंय. मी नेव्हीत विमानांच्या एअरफ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, काम केलंय, आता रत्नागिरीत बोटींची फिटिंग करतो, त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच.

एकावर भागवू नका. लोकांना वाटतं समोरची हवा कॅनॉपी दाबून धरते, तसं नाहीये, वरच्या फुगवट्यावरून हवा जोरात जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि कॅनॉपी वर खेचली जाते. ताशी २०० किमीला हवेचा डायनॅमिक दाब (वेगामुळे येणारा) चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास भरतो, त्यातला थोडा भाग जरी वर ओढणारा धरला तरी एका पातळ हुकाचं काय होईल बघा. म्हणून मुख्य लॅच एक आणि त्याच्याशी काहीही संबंध नसलेली दुसरी कडी, वेगळं हँडल, वेगळा पिन. एकाच दांडीने दोन हुक फिरवले तर ते दोन लॅच नव्हेत, दांडी निसटली की दोन्ही गेले.

मुख्य लॅच ओव्हरसेंटर करा, म्हणजे जुन्या काचेच्या बरणीची तारेची क्लिप असते ना तसं, मधली रेषा ओलांडून थोडं पुढे गेलं की कॅनॉपी जितकी वर ओढेल तितकं ते घट्ट बसतं. रेषेच्या अलीकडे थांबलं तर थरथरीने आपोआप सुटेल, तेव्हा हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. पिनला काळा मार्कर फासा, लॅच लावा-काढा, आणि मार्कर कुठे घासला गेला ते बघा. एकाच कडेला रेघ उमटली तर पिन तिरकी बसतेय, कानस मारा आणि परत बघा, आख्ख्या रुंदीत पट्टा उमटेपर्यंत.

आता ऊन. कॅनॉपीची काच म्हणजे ॲक्रिलिक, पारदर्शक प्लास्टिक, आणि ते उन्हात ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट पसरतं. एक मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक धरला तर काच २ मिमीच्या आसपास वाढते आणि फ्रेम पाऊण मिमीसुद्धा नाही. सकाळी शेडमध्ये मस्त बसलेलं लॅच दुपारी उन्हात हातोडीने ठोकावं लागतं ते यामुळेच, म्हणून ॲडजस्टमेंट दोन्ही वेळी तपासा. काचेतली भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा, स्क्रू आवळून मारू नका, साधं बिट वापरू नका (काचेत घुसून तडा पाडतं, ॲक्रिलिकचं वेगळं मिळतं), आणि थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) तर काचेच्या आसपासही नको, बारीक भेगा पडतात. जिथे बोल्ट फिरतो तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) चालत नाही, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून जाणारी स्प्लिट पिन लावा.

मटेरियलचं म्हणाल तर ३०४ स्टेनलेसवर किनाऱ्याला तपकिरी डाग येतातच, ३१६ घ्या. ते सरळ ॲल्युमिनियमला टेकवलं की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं, तर मध्ये प्रायमर लावा आणि तो ओला असतानाच स्क्रू बसवा. हँडलची दांडी ज्यात फिरते ते बुश नायलॉनचं नको. नायलॉन दमट हवेत पाणी पितं आणि फुगतं, मे महिन्यात लोण्यासारखं फिरणारं हँडल जुलैत हलत नाही. डेलरिन घ्या, हे एक कडक प्लास्टिक, लेथवाल्याला नाव सांगितलं की कळतं.

कॅनॉपी नीट लागली नाही हे सांगणारा लाल दिवा लावणार असाल तर स्विच हँडलवर ठेवू नका, पिन भोकात पूर्ण गेल्यावरच दाबला जाईल असा ठेवा. हँडल फिरलं म्हणजे पिन बसली असं नसतं. आणि टेकऑफला उघडलीच तर हात कॅनॉपीकडे न्यायचा नाही, विमान उडवत राहायचं, सर्किट मारून, म्हणजे धावपट्टीभोवती नेहमीची फेरी घेऊन, उतरायचं. पुढच्या बिजागरीची कॅनॉपी बहुतेक वेळा काही इंच उघडून तशीच राहते, मात्र नाक खाली-वर ओढतं का ते तुमच्या किटच्या मॅन्युअलमध्ये आधी वाचा.

बाहेरूनही उघडता आलं पाहिजे हं, दोन्ही, आणि शेजारी ठळक बाण रंगवा. विमान उलटलं तर मदतीला धावणारे गावातलेच असणार, त्यांना तुमचं मेकॅनिझम काय माहीत. लॅच बदललं म्हणजे किटमध्ये बदल झाला, तर ड्रॉइंग, मटेरियलचे कागद, फोटो सगळं फाइलला लावा. अमोल यादवांचं कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ ला मेक इन इंडियात सगळ्यांनी पाहिलं, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं) रजिस्ट्रेशन २०१७ ला मिळालं, तेव्हा कागद आधीपासून तयार असलेले बरे.

मागची फ्रेम स्टील ट्यूबची आहे की ॲल्युमिनियमची ते लिहिलं नाहीत, ते कळवा, मग पिनचा डायमीटर सांगतो.