शिपिंग कंटेनर विकत घेऊन भाड्याने देणं ही चांगली गुंतवणूक आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: काकांना निवृत्तीचे पैसे मिळालेत. एक एजंट त्यांच्या मागे लागलाय की सव्वातीन लाखांना वीस फुटी कंटेनर घ्या, कंपनी तो जहाजांवर फिरवेल, दर महिन्याला साडेसहा हजार खात्यात येतील आणि पाच वर्षांनी कंपनीच दोन लाखांना परत घेईल. घ्यावा का?

या योजनेतला घेऊ नका. भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि माझे स्वतःचे दोन कंटेनर आहेत, तेव्हा कंटेनरचं मला वावडं आहे असं समजू नका.

आधी एजंटाचाच हिशोब मांडू. महिना साडेसहा हजार म्हणजे वर्षाला ७८,०००. सव्वातीन लाखांवर चोवीस टक्के. जहाज कंपन्या कंटेनर भाड्याने घेतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. जगातले जवळपास निम्मे कंटेनर ट्रायटन, टेक्सटेनर अशा लीजिंग कंपन्यांचे आहेत. पण ते भाडं रोजावर ठरतं आणि साध्या वीस फुटी पेटीला बऱ्याच वर्षांत ते रोजचं अर्ध्या डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहिलंय. आपण हात सैल सोडून एक डॉलर धरू, आणि वर्षात एकही दिवस पेटी रिकामी पडली नाही असंही धरू. डॉलर ८५ रुपये धरला तर वर्षाचे एकतीस हजार होतात. यातून डेपोचं भाडं, डेंटची दुरुस्ती, विमा आणि पेटी सांभाळणाऱ्या कंपनीचा वाटा जायचाय. मग काकांना द्यायचे वरचे सत्तेचाळीस हजार येणार कुठून? बहुधा पुढच्या कोणाच्या तरी काकांकडून.

हे मी हवेत बोलत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ पी अँड आर नावाची कंपनी होती, काही दशकं हाच धंदा करत होती. लोकांना कंटेनर विकायचे, ते भाड्याने द्यायचे, ठरलेलं भाडं पाठवायचं आणि मुदतीनंतर परत घ्यायचे. मार्च २०१८ मध्ये दिवाळं निघालं. सुमारे ५४,००० गुंतवणूकदार, जवळपास साडेतीन अब्ज युरो. प्रशासकाने मोजदाद केली तर लोकांना विकलेले कंटेनर सोळा लाख आणि प्रत्यक्षात असलेले सुमारे ६ लाख १८ हजार. बाकीचे दहा लाख फक्त कागदावर. यात लक्षात घेण्यासारखं हे की भाडं वर्षानुवर्षं वेळेवर येत होतं. ‘आमच्या ओळखीच्यांना तीन वर्षं नियमित मिळतंय’ या वाक्याला म्हणूनच काही किंमत नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांच्या योजना होत्या, आमच्या आत्याकडे त्याचं छापील प्रमाणपत्र अजून आहे, झाड कुठल्या जिल्ह्यात होतं हे मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही. २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेचं प्रकरण झालं. वस्तू बदलते, सांगण्याची पद्धत तीच.

आता मालकीचं बघा. फ्लॅट घेतला तर इंडेक्स टू मिळतो, जमिनीला सातबारा असतो, गाडीला आरसी बुक. कंटेनरला यातलं काही नाही. त्याच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक ‘यू’, मग सहा आकडे आणि शेवटचा चौकटीतला आकडा पडताळणीचा. ती मालकाची अक्षरं पॅरिसच्या बीआयसी या संस्थेकडे नोंदवलेली असतात, पण नोंद असते ती फिरवणाऱ्या कंपनीची. पेटीमागे काकांचं नाव कुठेही येत नाही. काकांकडे राहणार तो कंपनीने दिलेला करार, आणि पेटी त्या वेळी कोलंबोला की रॉटरडॅमला हे कंपनी सांगेल तेच खरं.

कायद्याचं एवढंच: अनेकांचे पैसे एकत्र घेऊन, रोजचा कारभार स्वतःकडे ठेवून परताव्याचं आश्वासन देणं याला सामूहिक गुंतवणूक योजना म्हणतात, आणि त्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते. एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागा. तो जीएसटीचं आणि कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र पुढे करेल. ती तर माझ्या वर्कशॉपशेजारच्या नट-बोल्टवाल्याकडेही आहेत.

राहिला दुसरा मार्ग, जो मी केला. जुना कंटेनर घेऊन इथेच साइट ऑफिस किंवा गोडाऊन म्हणून भाड्याने देणं. जहाजावर पेटी साधारण दहा ते पंधरा वर्षं चालते, मग ती अशी विक्रीला निघते. पुण्याला समुद्र नसला तरी न्हावा शेवा बंदर जवळ, त्यामुळे पनवेल-उरण पट्ट्यातल्या यार्डांत माल मिळतो.

मी पहिला घेतला १ लाख ३५ हजारांना. खरं तर आधी पसंत केला होता दुसराच. त्याला यार्डवाल्याने बाहेरून नवा निळा रंग मारला होता, मी खूश. वर्कशॉपमधले आमचे जुने वेल्डर सोबत होते, ते म्हणाले, “शेठ, आत जा आणि दार लावून घ्या.” भर दुपारी आत उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावले आणि छतात चांदण्या दिसायला लागल्या. गंजाने पडलेली सुईएवढी भोकं. अठरा मोजली, मग सोडून दिलं. तो ठेवला तिथेच आणि शेजारचा उचलला. त्याचा रंग उडालेला होता, पण दार लावल्यावर मिट्ट काळोख. तेव्हापासून मी यार्डात दुपारीच जातो. खालचा प्लायवूडही टाचेने ठोकून बघायचा, कुजलेला असेल तर आवाज बसका येतो. आणि कस्टम ड्युटी भरल्याचे कागद मागायचे. परदेशी कंटेनर देशात ड्युटीविना येतात ते परत बाहेर जाण्याच्या अटीवर. इथे कायमचा ठेवायचा तर ड्युटी भरलेली हवी.

किमतीवर खर्च थांबत नाही. ट्रेलर आणि दोन्हीकडचा हायड्रा, म्हणजे पेटी उचलणारी क्रेन, मिळून मला तेवीस हजार पडले. रिकामी वीस फुटी पेटीच सव्वादोन टनांची, चार माणसांनी हलत नाही. खिडक्या कापणं, ग्लासवूल, आतून प्लाय, वायरिंग, एसी यांत पाऊण लाख गेले, तेही वर्कशॉप घरचं म्हणून. ग्लासवूल टाळू नका. एप्रिलमध्ये नुसत्या पत्र्याच्या पेटीत दहा मिनिटंही बसवत नाही.

वाघोलीच्या एका साइटवर तो साडेसात हजार महिन्याने गेला. ऐकायला छान वाटतं, पण वर्षाचे बारा महिने कधीच भरले नाहीत. साइट संपली की पेटी परत आणायचा हायड्रा माझा. एका बिल्डरने चार महिन्यांचं भाडं थकवलं, आणि पेटी गेटच्या आत असल्यामुळे मलाच त्याच्या पाया पडायची वेळ आली. लॉकडाऊनमध्ये दोन्ही पेट्या सहा महिने बंद साइटवर होत्या. सगळं धरून पहिल्या पेटीचे पैसे सुटायला मला साडेचार वर्षं लागली. ज्याच्याकडे वेल्डर, जागा आणि बिल्डरांची ओळख आहे त्याला हा बरा जोडधंदा आहे. काकांकडे यातलं काय आहे ते तुम्हीच बघा. दर महिन्याला वसुलीचे फोन करणं त्यांना या वयात झेपेल का, हेही त्यांना विचारा.

सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा गावच्या शेतात कंटेनर ठेवून कॅफे काढायचं कोणी सुचवलं, तर आधी महापालिका किंवा पीएमआरडीए या पुणे परिसराच्या विकास प्राधिकरणाकडे चौकशी करा. चाकं नाहीत, पायाही नाही म्हणून परवानगी लागत नाही, हा समज अनेकांना महागात पडलाय.

तरीही काकांचं मन त्या योजनेतून निघत नसेल तर एजंटाला म्हणावं, आमचा कंटेनर कुठल्या यार्डात आहे, नंबर काय, रविवारी दुपारी आम्ही टॉर्च न घेता बघायला येतो. तारीख मिळाली तर इथे कळवा, मलाही यायला आवडेल. माझी दुसरी पेटी गणपतीपासून रिकामी आहे, मोशीत तिच्या जागेचे महिना दीड हजार मीच भरतोय, तेव्हा रविवार मोकळाच असतो.