कोपराचं लिगामेंट फाटलंय, लगेच ऑपरेशन करायचं का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, दादोजी कोंडदेव स्टेडियमवर भालाफेकीच्या प्रॅक्टिसला जातो. तीन आठवड्यांपूर्वी भाला सोडताना उजव्या कोपरात आतल्या बाजूला कट्कन आवाज आला, तेव्हापासून फेकलं की कळ येते. एमआरआयमध्ये लिगामेंट अर्धवट फाटलंय असं आलंय. ग्राउंडवरची पोरं म्हणतात टॉमी जॉन करून टाक, हात आधीपेक्षा जोरात चालतो, नीरज चोप्रानेपण केलंय. त्यात बारावी, फेब्रुवारीत पेपर. काय करू?
- एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, आधी पोरांचं बघू. टॉमी जॉन हा अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, 1974 साली त्याचं हेच आतलं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) गेलं आणि डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून कोपरात बसवला, गडी 1976 ला परत आला तो थेट 1989 पर्यंत खेळला, म्हणून ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. अंगठा करंगळीला टेकवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध दोरीसारखं वर येतं ना, तोच तो टेंडन. काहींना तो नसतोच, मग मांडीच्या मागचा घेतात. दंडाच्या आणि खालच्या हाडाला भोकं पाडून त्यातून तो ओवायचा, असं ते काम.

जोर वाढतो वगैरे काही नाही हो. वर्षभर रिहॅबमध्ये खांदा, पाठ, पाय कमावले जातात आणि क्रेडिट मिळतं ऑपरेशनला! नीरजच्या कोपरातून 2019 ला हाडाचे सुटे तुकडे काढले होते, ते लिगामेंटचं नव्हतंच. सचिनचा टेनिस एल्बो तर कोपराच्या बाहेरच्या बाजूचा.

तुमच्या मुलाचं अर्धवट फाटलंय, म्हणजे मी तरी आधी सुरीकडे जाणार नाही. दोन-तीन महिने भाल्याला हात लावायचा नाही (चोरून पण नाही, हे कोचलाही सांगा), फिजिओ चालू ठेवायची, मग हळूहळू फेक वाढवायची. बऱ्याच जणांचं यात भागतं. तरीही फेकताना कोपर उघडल्यासारखं वाटलं तर ऑपरेशनचा विचार, आणि फाटलेलं टोक हाडापाशीच असेल, बाकी लिगामेंट चांगलं असेल तर नवीन टेंडन न घालता आहे तेच शिवून वर आतल्या आत धाग्याच्या टेपचा आधार देतात, त्यात सहाएक महिन्यांत मैदानावर येता येतं. टॉमी जॉनला मात्र वर्ष ते दीड वर्ष धरा.

करंगळीला मुंग्या येतात का ते नक्की विचारा, करंगळीची नस (नर्व्ह) कोपराच्या तिथूनच जाते आणि मुलं सांगत नाहीत.

पेपरचं टेन्शन घेऊ नका, लिहिण्याने या लिगामेंटवर ताण येत नाही. फक्त कॉलेजची जड सॅक उजव्या हाताने झटक्यात उचलू देऊ नका.