आयुष्याला उद्देश मिळावा, समाधान वाटावं यासाठी मानसिकता कशी बदलावी?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, नोकरी चांगली, घराचे हप्ते फिटत आलेत, घरी सगळं ठीक, तरी रविवारची संध्याकाळ झाली की जीव उदास होतो. पुस्तकं वाचून झाली, ध्यानाचं शिबिर झालं, ध्येयं वहीत लिहून झाली, पण आत काही हललं नाही. आता नोकरी सोडून ‘काहीतरी अर्थपूर्ण’ करावं का, असं विचारताय.

नोकरी सोडू नका, निदान आत्ता तरी. आणि ध्येय शोधणंही थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी ध्येय सापडेल आणि मग कामाला लागू, असं आपण धरून चालतो. मला वाटतं तिथेच आपण अडकतो. बहुतेकांच्या बाबतीत आधी हाताला काम लागतं, मन मागाहून येतं.

मला हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या आयुष्यात. स्त्रीशिक्षण म्हटलं की त्यांचं नाव येतं, म्हणून वाटतं की हा माणूस लहानपणापासून तेच मनाशी धरून निघाला असेल. तसं नव्हतं. कोकणातल्या मुरुडचा हा बुजरा मुलगा, पुढे गणिताचा शिक्षक झाला. सभा गाजवणारं बोलणं नाही. त्यांच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांतलं एक म्हणजे ‘मुरुड फंड’: बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला थोडा हिस्सा गावासाठी द्यायचा. विधवांचा त्यात विषयही नव्हता.

१८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. त्याच वर्षी ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडने वाळीत टाकलं. मग विधवाविवाहाला उत्तेजन द्यायला त्यांनी एक संस्था काढली. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की पुनर्विवाहाला समाज सहजी तयार होणार नाही, आणि विधवांना त्याआधी शिक्षण हवंय, स्वतःच्या पायावर उभं राहणं हवंय. त्यासाठी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. प्लेगमुळे १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि तिथून हिंगण्याला पायी जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका हाती पडली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला त्यांनी आणखी एक मंडळ स्थापन केलं.

यात मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, १९१४ पर्यंत ते गणित शिकवतच होते. दुसरी, मनात धरलेली दिशा त्यांनी वाटेत बदलली, आणि ती बदलायला कारण मिळालं ते प्रत्यक्ष कामातून. नुसतं खोलीत बसून विचार करणाऱ्याला विधवाविवाहाचा प्रश्न कुठे अडतोय ते कळलं नसतं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्यांनी स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. संसाराची ओढाताण सोसली ती गोदूबाईंनी. थोर माणसांच्या गोष्टी सांगताना हे आपण भराभर ओलांडून पुढे जातो. तुम्ही काहीही सुरू कराल ते घरी बोलून करा. तुमच्या समाधानाची किंमत दुसऱ्याने न विचारता भरावी, हे मला पटत नाही.

माझं सांगायचं तर मी परीक्षांच्या दिवसांत अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक म्हणून बसते. काम अगदी साधं आहे: प्रश्न वाचून दाखवायचा, तो सांगेल ते लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी आपलं डोकं चालवायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही, आवाजात तर मुळीच नाही. ते तीन तास मी स्वतःबद्दल काहीही विचार करत नाही. दिवसभर लोकांना काय करायचं ते सांगणाऱ्या मला हे गप्प राहणं फार शिकवून गेलं. नंतर त्याच मुलांना अभ्यासक्रमाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायला लागले, कारण त्यांची खरी अडचण वर्षभराची असते, हे तिथे बसल्यावरच कळलं.

म्हणून तुम्ही असं करा. ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि एक ठरावीक माणूस किंवा जागा पकडा. तुम्ही गेला नाहीत तर तिथे कुणाचं तरी अडलं पाहिजे, असं काम निवडा. पैसे देऊन मोकळं होण्यासारखं नको. पहिले काही महिने कंटाळा येईल, ‘यातून मला काय मिळतंय’ असं मन विचारेल. तेव्हा निर्णय घेऊ नका, पुढच्या वारी जा. एक परीक्षेचा हंगाम किंवा एक शाळेचं वर्ष जाऊ द्या, मग वाटलं तर काम बदला.

उदासी रोजचीच असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा. तो इलाजाचा विषय आहे, उद्देशाचा नाही.

तुम्ही कोणत्या गावात राहता ते लिहा. अंध विद्यार्थ्यांना लेखनिक कसे मिळतात, कुठे चौकशी करायची, ते मी सांगू शकेन.