शेजारी देशाचे आक्रमण एखाद्या लहान देशाने रोखून धरले, तर लष्करी निरीक्षक त्याचा काय अर्थ लावतात? त्यांचे अंदाज पूर्वी असे चुकले आहेत का?

हा प्रश्न आज मुख्यतः रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणावरून पडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्ह काही दिवसांत पडेल असे बहुतेक जाणकार सांगत होते. ते पडले नाही, तेव्हा त्यांच्यापैकीच कित्येक जण रशियाचे सैन्य आतून पोकळ असल्याचे सांगू लागले. युक्रेनचे युद्ध अजून इतिहासात जमा झालेले नाही, त्यामुळे त्यावर निकाल देण्यापेक्षा मी एका जुन्या आणि पुरेशा तपासल्या गेलेल्या उदाहरणाकडे वळतो. ते म्हणजे १९३९-४० चे सोव्हिएत रशिया आणि फिनलंड यांच्यातील हिवाळी युद्ध. मी सैनिक नाही, युद्धांचा इतिहास वाचण्याची जुनी सवय तेवढी आहे. पण माझ्या वाचनात निरीक्षकांचा अंदाज एकाच युद्धात दोनदा, आणि तोही उलटसुलट दिशांनी, इतका ठळकपणे दुसरीकडे कुठे चुकलेला आढळलेला नाही.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी लाल सेनेने, म्हणजे सोव्हिएत सैन्याने, सीमा ओलांडली, तेव्हा फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ३७ लाख होती. तीनेक लाख सैनिक, तीसेक रणगाडे आणि तोफांना पुरतील न पुरतील इतके गोळे, एवढ्यावर त्यांना लढायचे होते. समोर पहिल्या हल्ल्यातच साडेचार लाखांच्या आसपास सैन्य आणि दोन हजारांहून अधिक रणगाडे होते. त्यामुळे हे प्रकरण दोन-तीन आठवड्यांत आटोपेल असे जगभर गृहीत धरले गेले. मॉस्कोतही वेगळे वातावरण नव्हते. सोव्हिएत तोफखान्याचे प्रमुख वोरोनोव्ह यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, दारूगोळ्याचा हिशेब मांडताना त्यांनी दोन-तीन महिन्यांची मोहीम धरली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांची थट्टा केली आणि दहा ते बारा दिवस धरूनच आकडे मांडण्यास बजावले. युद्ध १०५ दिवस चालले.

डिसेंबरअखेर जे घडले त्याने सगळ्यांनाच थक्क केले. फिनलंडच्या कमरेशी, सुओमुस्साल्मी या गावाजवळ, सोव्हिएत सैन्याची १६३ वी डिव्हिजन अडकली आणि तिच्या मदतीला ४४ वी डिव्हिजन निघाली. ही डिव्हिजन कीव्हच्या लष्करी विभागातून आलेली होती आणि तिच्यात युक्रेनमधील तरुण मोठ्या संख्येने होते, हे आजच्या संदर्भात मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. सपाट मैदानी मुलखातील ही पोरे बर्फाने लादलेल्या घनदाट जंगलातून जाणाऱ्या राते नावाच्या एकाच अरुंद रस्त्यावर मैलोन् मैल एकामागे एक उभी राहिली. दोन्ही बाजूंना कंबरभर बर्फ असल्यामुळे रणगाडा रस्ता सोडू शकत नव्हता आणि ट्रकला वळायलाही जागा नव्हती. फिनिश तुकड्या पांढरे झगे घालून स्कीवरून जंगलातून आल्या, त्यांनी झाडे पाडून रस्ता जागोजागी तोडला आणि त्या लांबलचक रांगेचे तुकडे केले. त्यांचा पहिला नेम पुष्कळदा रणगाड्यांवर नसे, तर धूर सोडणाऱ्या फिरत्या स्वयंपाकघरांवर असे. पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांवर असताना गरम अन्न बंद झाले, की उरलेले काम थंडी करीत होती. शेकोटी पेटवावी तर उजेडात गोळी लागे, न पेटवावी तर सकाळी माणूस उठत नसे. हल्ला करणारे फिनिश सैनिक मात्र पाळीपाळीने मागे जाऊन शेगडी असलेल्या तंबूत झोपत होते. अशा तुकड्यातुकड्यांच्या वेढ्याला त्यांनी ‘मोत्ती’ म्हटले. जंगलात तोडून, रचून ठेवलेल्या आणि सवडीने उचलून नेण्याच्या लाकडाच्या ढिगाला त्यांच्या भाषेत हाच शब्द आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्याअखेर ४४ वी डिव्हिजन संपली. चाळीसहून अधिक रणगाडे आणि हजाराहून अधिक घोडे फिनलंडच्या हाती लागले. डिव्हिजनचे सेनापती विनोग्रादोव्ह निसटून परतले, तर त्यांच्याच सैनिकांसमोर त्यांना गोळी घालण्यात आली.

बाहेरच्या निरीक्षकांनी युद्ध पाहिले ते बहुतांशी इथे, आणि तेही लढाई संपल्यावर. प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची परवानगी फिनिश सैन्य सहसा देत नसे. वार्ताहरांचा मुक्काम हेलसिंकीच्या केम्प हॉटेलात होता आणि विजय मिळाला की त्यांना नेऊन गोठलेली प्रेते, सोडून दिलेल्या तोफा आणि बर्फात रुतलेल्या ट्रकांची रांग दाखवली जाई. त्या दृश्याचा प्रभाव किती पडला असेल याची कल्पना करता येते. मराठी वाचकाला हे वर्णन वाचताना गनिमी कावा आठवल्याशिवाय राहत नाही, मलाही तो आठवला होता. पण ही तुलना फार ताणू नये, कारण जंगलातील या लढाया फिनलंडच्या युद्धाचा अर्धाच भाग होत्या, आणि निकाल लावणारा भाग तो नव्हता.

निरीक्षकांची दुसरी चूक इथून सुरू झाली. २० जानेवारी १९४० रोजी, तेव्हा नौदलमंत्री असलेल्या चर्चिल यांनी रेडिओवरून फिनलंडचा गौरव केला आणि लाल सेनेची व तिच्या हवाई दलाची अकार्यक्षमता फिनलंडने जगासमोर उघडी पाडल्याचे जाहीरपणे सांगितले. लंडन आणि पॅरिस इथे मग अशा योजना शिजू लागल्या, की त्या आज वाचताना अंगावर काटा येतो. नॉर्वेच्या नार्विक बंदरातून फिनलंडला मदत पाठवायची आणि वाटेत स्वीडनच्या लोहखनिजावर कब्जा करायचा, ही एक होती. थेट सोव्हिएत हद्दीतील बाकूच्या तेलविहिरींवर बॉम्ब टाकायचे, ही दुसरी. जर्मनीशी युद्ध चालू असताना रशियालाही शत्रू करून घेण्याइतका हा उतावीळपणा होता आणि रशियन सैन्य फारसे काही करू शकणार नाही, हे गृहीतकच त्याच्या मुळाशी होते. नॉर्वे आणि स्वीडन यांनी वाट दिली नाही, म्हणून नार्विकचा बेत तिथेच राहिला.

बर्लिनमध्ये प्रतिक्रिया अधिक थंड होती, आणि म्हणूनच अधिक घातक ठरली. जर्मन जनरल स्टाफने ३१ डिसेंबर १९३९ च्या मूल्यमापनात नोंदवले की, रशियाचे सैन्य संख्येने अवाढव्य आहे, नेतृत्वाची तत्त्वे चांगली आहेत, पण प्रत्यक्ष नेतृत्व तरुण आणि अननुभवी आहे, दळणवळण वाईट आहे आणि आधुनिक शस्त्रांच्या, वरचढ नेतृत्वाच्या सैन्यापुढे हा मोठा जमाव टिकणार नाही. यातील जवळजवळ प्रत्येक निरीक्षण त्या दिवसापुरते बरोबर होते. १९३७-३८ मध्ये स्टालिनने पाचपैकी तीन मार्शल आणि हजारो अधिकारी संपवले होते, त्याचे परिणाम दिसतच होते. चूक निरीक्षणात नव्हती. एका डिसेंबरात, एका जंगलात जे दिसले, तोच या सैन्याचा कायमचा स्वभाव मानला गेला. ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, याच लाल सेनेने मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल इथे झुकोव्ह यांच्या हाताखाली जपानी सैन्याचा धुव्वा उडवला होता. त्याची आठवण युरोपात फारशी कोणाला राहिली नाही.

आणि निकाल लागला तो फिनलंडच्या आग्नेयेकडील कारेलियाच्या संयोगभूमीवर, मॅनरहाइम रेषा या फिनिश तटबंदीसमोर, जिथे वार्ताहरांना दाखवण्यासारखे नाट्य कमी होते. सोव्हिएत सेनापती तिमोशेन्को यांनी सूत्रे हाती घेतली, हल्ले थांबवले, पिछाडीला फिनिश बंकरांच्या प्रतिकृती उभारून आठवडेच्या आठवडे सराव करून घेतला आणि ११ फेब्रुवारी १९४० रोजी प्रचंड तोफमाऱ्यानंतर सुम्मा भागात रेषा फोडली. फिनिश तोफखान्याला उत्तर द्यायला गोळे उरले नव्हते. १२ मार्चच्या रात्री मॉस्कोत तह झाला. व्हिपुरी हे मोठे शहर गेले, चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले, पण देश उरला. फिनलंडचे सुमारे २५ हजार लोक मारले गेले. सोव्हिएत सैन्यातील मृतांविषयी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी ४८,७४५ हा आकडा सांगितला, तर फिनिश सरसेनापती मॅनरहाइम यांचा अंदाज दोन लाखांचा होता. रशियन अभिलेख उघडल्यावर झालेली मोजणी मृत आणि बेपत्ता मिळून सव्वा लाखाच्या थोडी वर जाते. निरीक्षकांपुढे त्या वेळी यांपैकी पहिल्या दोन प्रकारचेच आकडे असतात, हे आजच्या बातम्या वाचतानाही ध्यानात ठेवावे.

निरीक्षक म्हणजे केवळ खुर्चीत बसून भाकिते करणारे नव्हते, हेही सांगायला हवे. अमेरिकेचे कॅप्टन रॉबर्ट लोसी हे हवामानशास्त्र शिकलेले हवाई दलाचे अधिकारी होते, आणि कडाक्याच्या थंडीत विमाने कशी चालतात हे पाहण्यासाठी त्यांना १९४० च्या सुरुवातीला अटॅशे, म्हणजे वकिलातीतील लष्करी प्रतिनिधी, म्हणून फिनलंडला पाठवले होते. पुढे नॉर्वेवर जर्मनीचा हल्ला झाला, तेव्हा तेथील अमेरिकन वकिलातीच्या लोकांना बाहेर काढण्याच्या धडपडीत, २१ एप्रिल रोजी डोम्बोस इथे रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी उभे असताना, बॉम्बचा तुकडा लागून ते गेले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि अमेरिका अजून युद्धात उतरलेलीही नव्हती.

हिवाळी युद्धातून सर्वांत अधिक शिकला तो ज्याची नाचक्की झाली तोच. एप्रिल १९४० मध्ये स्टालिनने सेनापतींना मॉस्कोत बोलावून चार दिवस चुकांचा पाढा वाचून घेतला. मे महिन्यात वोरोशिलोव्ह यांच्या जागी तिमोशेन्को संरक्षण खात्यावर आले आणि ऑगस्टमध्ये सेनापतीच्या प्रत्येक हुकमावर राजकीय कमिसारची, म्हणजे सैन्यावर नजर ठेवणाऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीची, सही लागण्याची पद्धत बंद झाली. मोडीत काढलेली मशीन पिस्तुले पुन्हा कारखान्यांत बनू लागली, थंडीतल्या लढाईच्या सूचना नव्याने लिहिल्या गेल्या. सगळे सुधारले असे मुळीच नाही, १९४१ च्या उन्हाळ्यात लाल सेनेने खाल्लेला मार त्याची साक्ष देतो, आणि तोवर तरी बर्लिनचे मूल्यमापन खरे ठरल्यासारखे दिसत होते. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर गोठलेल्या, पुरेसे गरम कपडे नसलेल्या जर्मन पायदळावर जे सोव्हिएत सैन्य चालून आले, त्यात स्की बांधलेल्या बटालियन होत्या आणि त्यांच्या अंगावर पांढरे झगे होते.